भिंतीवरची पाल, पेल्यातली पाल

नागनदी:
नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या बालविभागासाठी एक भिंततक्ता चाललाय. मराठी, गोंडी, तेलुगू, हिंदी असे चार रकाने आणि रोजच्या वापरातले चाळीस शब्द. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ साली वसवलेल्या आपल्या नागपुरात पोरांना गोंडीचे चार शब्द तरी यावेत, एवढाच हेतू.
गाडी अडलीय दुधापाशी. चित्र पेल्याचं. मराठी रकान्यात दूध, हिंदीत दूध, तेलुगूत पालु आणि गोंडीत पाल. मराठी वाचणारं पोर 'पाल' वाचलं की आधी भिंतीकडे बघणार. हा शब्द तक्त्यात कसा लिहावा? दुसरं, असे आणखी कोणते छोटे शब्द आहेत, जे दोन भाषांत दिसतात सारखे पण अर्थाने कुठल्या कुठे? आणि तिसरं, हा निव्वळ योगायोग आहे की आत काही नातं आहे, ते ओळखायचं कसं? तक्त्याखाली दोन ओळींची टीप द्यायची आहे, ती चुकायला नको.

तर्रीपोहा:
लिवा बिनधास्त! दुधात पाल पडली तं दूध फेकून द्या लागते, अन् इथं तं दूधच पाल. पोट्टे हासतीन अन् जनमभर इसरणार नाहीत. असं ध्यानात राह्यलं तं अजून काय पायजे राजेहो.

अंबाझरी:
पाल म्हणजे दूध, हा गोंडीचा एकटीचा शब्द नाही. तमिळ आणि मल्याळममध्ये पाल्, तेलुगूत पालु, यवतमाळकडच्या कोलामीत पाल, कन्नडमध्ये हालु. सगळ्या द्राविड कुळातल्या, आणि सगळीकडे तो घरचा शब्द आहे, कुणी कुणाकडून मागून आणलेला नाही.
कन्नडमधला ह बघून दचकू नका. जुन्या कन्नडमध्येही तो प-च होता. साधारण दहाव्या शतकापासून पुढच्या तीन-चारशे वर्षांत शब्दाच्या सुरुवातीचा प जाऊन ह आला. पंपा नदीच्या काठचं गाव हंपी झालं ते याच वाटेने. तमिळ पुलि (वाघ) कन्नडमध्ये हुलि, तमिळ पाम्बु (साप) कन्नडमध्ये हावु, तमिळ पल् (दात) कन्नडमध्ये हल्लु. एक जोडी जुळली तर त्यावरून काही ठरत नाही. पण प आणि ह यांची जोडी पाचपन्नास शब्दांत त्याच जागी सापडते, तेव्हा नातं पक्कं समजायचं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

महालकर:
म्हणजे आपली भिंतीवरची पाल आणि त्यांचं दूध यांचा काहीच संबंध नाही?

अंबाझरी:
नाही. ध्वनी सारखा झाला, एवढंच.

गोरेवाडा:
पण गंमत पुढे आहे. दुधाशी नसलं तरी भिंतीवरच्या पालीचं दक्षिणेशी नातं आहे!
संस्कृत कोशांत घरातल्या पालीला पल्ली म्हणतात. तमिळमध्ये ती पल्लि, तेलुगूत बल्लि, कन्नडमध्ये हल्लि (पुन्हा तोच प गेला, ह आला). शब्द एकच आहे आणि भाषाकुळांच्या कुंपणावरून इकडून तिकडे गेलेला आहे. म्हणजे ज्या जोडीत ध्वनी तंतोतंत जुळतो, पाल आणि पाल, तिथे नातं नाही. आणि पाल-हल्लि ही जोडी वरवर पाहता काहीच सारखी नाही, तिथे नातं आहे. मुलांना हेच दाखवण्यासारखं आहे.
आता पल्लीची पाल कशी झाली ते बघा. प्राकृतातलं जोडाक्षर मराठीत सुटं झालं आणि त्याचं वजन मागच्या स्वरावर गेलं, म्हणून तो दीर्घ झाला. सत्त-सात, हत्थ-हात, कण्ण-कान, पल्ली-पाल. आणि याच नियमाने दुद्ध-दूध. आपल्या तक्त्यातले 'दूध' आणि 'पाल' हे दोन्ही मराठी शब्द एकाच साच्यातून निघालेत.

तर्रीपोहा:
थांबा थांबा. आपल्या वऱ्हाडीत ळ चा य होते. डोळ्याचा डोया, केळीची केयी, नळाचा नय. मंग पालीची 'पायी' काहून नाही झाली? पाल तं सगळीकडं पालच हाये.

गोरेवाडा:
फार नेमका प्रश्न विचारलात भाऊ. उत्तर असं की वऱ्हाडीत य होतो तो ळ चा, ल चा नाही. आणि पालीत ळ कधी आलाच नाही.
दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा ळ झाला: फल-फळ, काल-काळ, बाल-बाळ, पालन-पाळणे. पण जिथे ल्ल असा जोडलेला होता, तिथे ल तसाच टिकला: गल्ल-गाल, फुल्ल-फूल, बेल्ल-बेल. तेलाचंही तेच. संस्कृतात तैल, पण प्राकृतात तेल्ल, म्हणून तेल. नाहीतर आपण आज तेळ म्हटलं असतं. पल्लीतही ल्ल होता, म्हणून पाल. कानाची पाळ मात्र ळ-वाली, म्हणून वऱ्हाडीत तिची पाय होऊ शकते, भिंतीवरच्या पालीची नाही. राज्यपाल, महिपाल हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, त्यांना हा नियम लागला नाही. पण घरात रुळला तो गोपाळच.
तर मराठी शब्दाच्या मधला किंवा शेवटचा ल दिसला की विचारायचं: मागे ल्ल होता, की शब्द नंतर कुठून आला? बहुतेक वेळा दोन्हींपैकी एक निघतंच.

तर्रीपोहा:
बाप्पा! अन् गोंडीत कुत्र्याले नय म्हंते. आमच्याकडं नय म्हंजे पान्याचा नळ. घ्या, तक्त्यासाठी अजून एक.

अंबाझरी:
बरोबर. गोंडी नय आणि तमिळ नाय् हे सख्खे, दोन्ही कुत्रा. मुंबईकडच्या बोलीतलं 'नाय' म्हणजे नाही. चेन्नईत कुणाला तोंडावर 'नाय, नाय' म्हणताना हे ध्यानात असू द्या.

सीताबर्डी_पोस्ट:
ल-ळ वरून एक. तमिळमध्ये पल्लि म्हणजे पाल आणि पळ्ळि म्हणजे शाळा (मशिदीला, चर्चलाही पळ्ळि जोडून नावं आहेत). कन्नडमध्ये हल्लि म्हणजे पाल आणि हळ्ळि म्हणजे खेडं. कर्नाटकातल्या गावांच्या नावांपुढे जे लागतं ते हे हळ्ळि. हिंदी माध्यमातून कन्नड शिकणारे दोन्ही सारखंच वाचतात, कारण त्यांच्या कानाला ळ ची सवय नाही. मराठी माणसाला तो फरक फुकट मिळालेला आहे. वऱ्हाडीवाल्यांनी मात्र इथे ळ चा य करायचा नाही!

फुटाळा:
परदेशातल्या पाली गोळा केल्या आहेत, घ्या.
डच भाषेत पाल म्हणजे खांब किंवा मेख. उच्चार आपल्यासारखाच, आ लांब. तो लॅटिन पालुस म्हणजे खुंटावरून आला. तंबूचं पाल ठोकताना जी मेख लागते, ती डचांची पाल.
कोरियन भाषेत पाल म्हणजे आठ, आणि पाल म्हणजे हातसुद्धा, खांद्यापासून मनगटापर्यंतचा. दोन निराळे शब्द. आठचा आला चिनीतून, हाताचा त्यांचा घरचा.
इंग्रजीत पॅल म्हणजे दोस्त.
हिंदीत पाल म्हणजे जहाजाचं शीड. आंबे पिकवायला गवतात घालतात तेही पाल.

अंबाझरी:
फुटाळा, यादी छान आहे. दोन दुरुस्त्या करतो.
कोरियन आठचा पहिला ध्वनी महाप्राण आहे, तोंडापुढे हात धरला तर हवेचा झोत लागतो. देवनागरीत तो पाल पेक्षा फाल् ला जवळ, पण आपला फ आता बरेच जण ओठ-दात लावून म्हणतात, तसाही तो नाही. रोमन लिपीतल्या यादीवरून शब्द उचलले की हे सगळं सपाट होतं. पाल, पल, पॅल, फाल् सगळे एकाच स्पेलिंगखाली जमा होतात आणि नसलेली साम्यं दिसायला लागतात. इंटरनेटवरच्या 'अद्भुत साम्य' वाल्या निम्म्या याद्या अशाच तयार झालेल्या असतात.
दुसरी दुरुस्ती इंग्रजी पॅलची, आणि ही मला फार आवडते. हा शब्द इंग्रजीने सतराव्या शतकात रोमानी लोकांच्या भाषेतून घेतला. रोमानी फ्राल किंवा प्राल म्हणजे भाऊ. रोमानी ही मुळात भारतातून गेलेली आर्यकुळातली भाषा, आणि तिथला फ्राल म्हणजे संस्कृत भ्रातृ. म्हणजे 'काय भाऊ' मधला भाऊ आणि इंग्रजांचा पॅल एकाच मुळाचे. इंग्रजी ब्रदरही त्याच मुळाचा. इंग्रजीच्या घरात एकच शब्द दोन दारांनी आला.

महालकर:
तमिळ पाल् ला 'विभाग' असाही अर्थ आहे ना? तिरुक्कुरळच्या १३३० द्विपदी तीन 'पाल्' मध्ये विभागल्या आहेत, धर्म, अर्थ आणि काम. व्याकरणातलं लिंगही पाल्. आण्पाल् म्हणजे पुल्लिंग, पेण्पाल् स्त्रीलिंग.

सीताबर्डी_पोस्ट:
लिंगावरून आठवलं. मराठीतही पाल एक नाही, दोन आहेत, आणि लिंगानेच वेगळ्या होतात. ती पाल, त्या पाली. ते पाल, ती पालं. 'गावाबाहेर पालं पडली' म्हटलं की कुणाला भिंत आठवत नाही. तक्त्यात 'ती पाल' लिहिलं तर मराठी बाजूचा गोंधळ तिथेच संपतो.
आणि पाली म्हणजे भाषासुद्धा. दीक्षाभूमीच्या शहरात हे सांगायला नको.

त्रैराशिक:
योगायोग किती होणार, हे मोजून बघता येतं. अंदाजाचं गणित आहे, पण डोळे उघडतं.
समजा एका भाषेत २० व्यंजनं आणि ८ स्वर आहेत. व्यंजन-स्वर-व्यंजन या घडणीचे (पाल, बस, कान) किती शब्द बनू शकतात? २० × ८ × २० = ३२००. त्यातले ५०० खरोखर वापरात आहेत असं धरू. दुसऱ्या, पूर्णपणे परक्या भाषेतही तितकेच. मग दोन्हींत सारखे दिसणारे शब्द सरासरी ५०० × ५०० ÷ ३२००, म्हणजे जवळजवळ ७८ निघतील. काही नातं नसताना!
आता अर्थही जुळायला हवा. 'जवळपासचा अर्थ' शंभरात एकदा जुळतो असं धरलं तर ७८ पैकी एखादी जोडी अर्थासकट जुळेल. भाषा दहा घेतल्या तर जोड्या ४५ होतात, आणि अशी ३५ च्या आसपास 'थक्क करणारी' साम्यं आपोआप हाती लागतात. प्रत्यक्षात म, न, प, क आणि आ हे ध्वनी इतरांपेक्षा जास्त वापरले जातात, म्हणून आकडा आणखी वाढतो. शब्द जितका छोटा, तितका योगायोग स्वस्त. चार अक्षरी शब्द जुळला तर थांबून बघावं. एकाक्षरी जुळला तर पुढे चालू लागावं.

अंबाझरी:
याचं गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. तिथल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. इंग्रजीशी संबंध शून्य. शेजारच्या यिडिनी भाषेत तोच शब्द 'गुदागा' आहे. म्बाबाराममध्ये पुढचं-मागचं झिजून डॉग उरला. फारसी बद आणि इंग्रजी बॅड यांचंही तेच. अर्थ एक, मुळं निराळी. आपल्या बदनाम, बदसूरत मधला बद हा फारसी.

वर्धारोड:
एकाक्षरी म्हणताय तर 'ने' घ्या की. यासारखा घोळ दुसऱ्या शब्दात नाही.
मराठीत 'डबा ने' ही आज्ञा, आणि 'रामाने' मध्ये प्रत्यय. ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. शेजारच्या बल्गेरियनमध्ये ने म्हणजे नाही. सर्बियन, चेक, लिथुआनियन मध्येही नाही. कोरियनमध्ये ने म्हणजे हो. तुर्कीत ने म्हणजे काय? हंगेरियनमध्ये ने म्हणजे 'नको करू'. जपानीत वाक्याच्या शेवटी ने लावतात, आपल्या 'बरं का', 'नाही का' सारखा. चेकवाल्यांचा आणखी एक, ते बोलण्यात हो साठी 'नो' म्हणतात!

इतवारी_पेठ:
ने चा खरा घोटाळा दूर नाही, इतवारीतच आहे. हिंदीत 'राम ने कहा' म्हणजे राम म्हणाला. गुजरातीत 'रामने कह्युं' म्हणजे रामाला सांगितलं. बोलणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल होते. बिलाच्या चिठ्ठीवर गुजरातीत 'रमेशने ५०० आप्या' असेल तर पाचशे रमेशला दिले. हिंदीच्या सवयीने वाचणारा रमेशने दिले असं धरतो. जमाखर्चात जमेचं नावे आणि नाव्याचं जमा. गुजराती ने ला कर्त्याचा प्रत्यय समजायचं नाही, तो आपला 'ला' आहे. कर्त्याला ते ए लावतात: रमेशे ५०० आप्या. एवढं ध्यानात ठेवलं की चिठ्ठी नीट वाचता येते.

तर्रीपोहा:
अन् 'बे' राह्यला ना बे!

गोरेवाडा:
राहिलाच होता. 'काय बे' मधला बे हा हिंदी 'अबे' चा. 'बे एके बे' मधला बे मात्र फार जुना, संस्कृत द्वे. मराठीत दोन आला आणि बे पाढ्यापुरता उरला. गुजरातीत आजही दोनला बे-च म्हणतात. प्राकृतात द्व चा ब झाला, म्हणून आपल्या आकड्यांत बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न असे सगळीकडे ब आहेत. दोनशी जोडून बघितलं तर त्यात द सापडतच नाही.
लॅटिनमध्येही असाच बदल स्वतंत्रपणे झाला. जुन्या लॅटिनचा दुएनोस पुढे बोनुस (चांगला) झाला आणि दुएल्लुम (युद्ध) बेल्लुम झाला. तिथला बिस म्हणजे दोनदा. मूळ दोन्हीकडे एक, आणि वाटही तशीच. पण बास्क भाषेत दोनला बि म्हणतात आणि बास्क तर कोणत्याच कुळात बसत नाही. तिथे त्रैराशिकांचं गणित लावायचं.

धरमपेठी:
'बस'! मराठी बस म्हणजे खाली बस, उपविश् वरून. हिंदीतला बस म्हणजे पुरे, फारसीतून. आणि रस्त्यावरची बस ही लॅटिन ओम्निबुस म्हणजे 'सर्वांसाठी' या शब्दाची निव्वळ शेपटी. शब्दाचा अर्थ होता ओम्नि मध्ये, तो भाग गळाला आणि विभक्तीचा प्रत्यय तेवढा गाडी होऊन फिरतोय. 'बस, आता बसमध्ये बस' या एका वाक्यात तीन भाषा.

फुटाळा:
नात्याच्या शब्दांचा फलक वेगळा करावा लागेल. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. बाबा वडील आणि मामा आई. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील आणि आई म्हणजे देदा. रशियनमध्ये बाबा म्हणजे म्हातारी बाई, जपानीतही तसंच.

अंबाझरी:
हे शब्द नातं ठरवताना बाजूलाच ठेवतात. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात कारण मांडलं आहे: बाळाला सगळ्यात आधी ओठांनी होणारे ध्वनी जमतात, म, प, ब आणि सोबत आ. ते बडबडतं आणि मोठी माणसं त्याला अर्थ चिकटवतात. कुणी आई चिकटवली, कुणी मामा, कुणी बाप. तक्त्यात आई-बाबा हवेतच, पण त्यांच्यावरून भाषा जवळच्या आहेत अशी टीप टाकू नका.

इतवारी_पेठ:
उसनवारीचं एक उदाहरण द्या मग, नाहीतर मुलांना वाटेल की सारखं दिसलं म्हणजे योगायोगच. पाव! पोर्तुगीज लोक इकडे आले, पुढे १५४३ मध्ये जपानलाही पोचले. त्यांचा भाकरीचा शब्द आपल्याकडे पाव झाला आणि जपानीत पान झाला. म्हणजे जपानी पान आणि आपला पाव सख्खे. जपानी पान आणि आपलं विड्याचं पान यांचा काही संबंध नाही. पाव किलो मधला पाव आणखी तिसरा, तो संस्कृत पाद म्हणजे चौथा हिस्सा. 'पाव किलो पाव' हे लिहून ठेवा.

महालकर:
तूपही तसंच ना? कन्नड तुप्प.

अंबाझरी:
हो, तूप दक्षिणेकडून आलेलं मानतात. दूध आपलं, तूप त्यांचं.

नागनदी:
धागा कुठल्या कुठे गेला, फार समृद्ध झालो. पण तक्ता गुरुवारी छापायला जायचाय. पाल कशी लिहू? कच्च्या प्रतीत गोंडी रकान्यात 'पाल' च आहे. पाय मोडून 'पाल्' लिहावं का?

सीताबर्डी_पोस्ट:
पाय मोडा. देवनागरीत लिहिलेला शेवटचा अ मराठी वाचक खातो, तेलुगू वाचक खात नाही. तेलुगूत कल म्हणजे स्वप्न आणि तो क-ल असा पूर्ण उच्चारतात. तमिळमध्ये कल् म्हणजे दगड. दोन्ही 'कल' असं लिहिलं तर पोरगं दोन्ही एकसारखं वाचणार. व्यंजनावर संपणाऱ्या शब्दाचा पाय मोडला की हा प्रश्नच उरत नाही.

अंबाझरी:
गोंडीसाठी मी याच्या विरोधात आहे. देवनागरीत गोंडी लिहिणारे लोक पाल असंच लिहितात. त्यांची भाषा, त्यांचं लेखन. मराठी वाचकाच्या सोयीसाठी त्यांच्या शब्दाचा पाय आपण मोडायचा नाही. तसंही मराठी वाचक 'पाल' ला 'पाल्'-च वाचतो, इथे पाय मोडून काय वेगळं मिळणार? तमिळचा रकाना असता तर गोष्ट वेगळी.

सीताबर्डी_पोस्ट:
बरोबर, गोंडीपुरतं मान्य. तेलुगूत मग शेवटचा अ कसा दाखवायचा ते तळाला एका ओळीत लिहा.

अंबाझरी:
पाय मोडण्यापेक्षा काना सांभाळा, तिथे खरा धोका आहे. गोंडीत पाल म्हणजे दूध आणि पल म्हणजे दात. छपाईत काना उडाला तर पेल्याच्या चित्राखाली दात येईल आणि तो शब्द खराच असल्यामुळे कुणाला चूक कळणारही नाही. तमिळमध्येही पाल्-पल् हीच जोडी. म्हणून प्रत्येक शब्द दोघांनी वाचायचा: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने चित्र बघून. वाचणारा शक्यतो गोंडी बोलणारा असू द्या, आणि तो कोणत्या जिल्ह्याचा ते तक्त्यावर लिहा. मीठ घ्या. कुठे सोवर, थोडं पुढे होवर, आणखी पुढे ओवर. स चा ह झाला आणि ह ही गळाला. तिन्ही बरोबर आहेत, पण एका तक्त्यात एकाच भागाची गोंडी हवी.

तर्रीपोहा:
मिठाले ओवर! म्हंजे भाजीत सहा चेंडू टाकायचे. हे पोट्ट्यायले लगेच पाठ होईन.

त्रैराशिक:
फाइलबद्दल. चारही रकाने देवनागरीत असले तर संगणकाला भाषा कळत नाही. एकट्या 'पाल' वरून मराठी, हिंदी, नेपाळी की गोंडी हे कोणतंही यंत्र सांगू शकणार नाही, आणि शुद्धलेखन तपासनीस गोंडी शब्दांच्या जागी मराठी शब्द सुचवत बसेल. प्रत्येक रकान्याला भाषा नेमून द्या. गोंडीचा संकेत 'जी-ओ-एन' आहे. ती यादीत नसेल तर त्या रकान्याची तपासणी बंद करा, आपोआप दुरुस्ती तर आधीच. काना उडतो तो बरेचदा तिथेच.
जागा असेल तर गोंडी लिपीचा पाचवा रकाना करा. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी २०१७ पासून युनिकोडमध्ये आहे, गुंजाला गोंडी ही दुसरी गोंडी लिपी २०१८ पासून. त्या लिपीत लिहिलेल्या पालीला कुणी भिंतीवरची समजणार नाही. फक्त छापखान्याला फाँट सोबत द्या, नाहीतर नुसत्या चौकटी छापून येतील.
तेलुगू रकान्यात ऱ्हस्व ए-ओ साठी ॆ आणि ॊ ही चिन्हं वापरा. ती देवनागरीत आहेत, फाँट मात्र आधी तपासा. काही फाँटांत ती अक्षरावर नीट बसत नाहीत.

वर्धारोड:
एकेक सुटा शब्द न देता छोटं वाक्य दिलं तर? 'पेल्यात' आलं की पाल ची शंकाच नको.

इतवारी_पेठ:
चाळीस वाक्यं चार भाषांत भिंतीवर मावणार नाहीत. वाक्य फक्त गोंधळाच्या शब्दांना द्या: पाल, पल, नय. बाकीच्यांना चित्र पुरे.

नागनदी:
ठरलं तर. गोंडीत पाल, पाय न मोडता, काना ठळक. गोंडी लिपीचा पाचवा रकाना. पाल, पल आणि नय यांना गोंडी बोलणाऱ्यांकडून घेतलेलं एकेक वाक्य. पालीच्या चित्राची वेगळी ओळ वाढवतोय, म्हणजे दोन्ही पाली एकाच तक्त्यात समोरासमोर येतील. तळाची टीप अशी:
'गोंडी पाल (दूध) आणि मराठी ती पाल यांचा ध्वनी सारखा, मूळ निराळं. मराठी पाल आणि तेलुगू बलि यांचा ध्वनी निराळा, मूळ एक.'
काही चुकलं असेल तर आजच सांगा.

गोरेवाडा:
बलि नाही, बल्लि. ल दोन हवेत. बलि म्हणजे बळी.

नागनदी:
केलं दुरुस्त.